कुठलं हिरवं

झाइनुर कॉपी तपासतो. चष्म्याला एकच काडी,
दुसरीकडं सुतळी.
माझ्या पहिल्याच ओळीतलं 'हिरवं इंधन' त्यानं खोडलं
आणि वर लिहिलं : कुठलं हिरवं?
दलदलीतल्या रानाचं, ताडतेलाच्या मळ्याचं,
की माहितीपत्रकावरचं, जे घामाच्या बोटाला लागतं?
"देस्मावाती, विशेषण म्हणजे लाच.
घेताना कळत नाही, हात जड होतो तेव्हा कळतं."

मी चिडले. जांबीहून पहाटेची गाडी धरली.

तुमिरानच्या बापाला सरकारनं जावाहून आणून
इथं दोन हेक्टर दिले होते. आता झाडं त्याच्या नावावर.
"पृथ्वीचं काय ते शहरात विचारा," तो म्हणाला,
"फळ उद्यापर्यंत गिरणीत गेलं नाही तर भाव पडतो.
तेवढं लिहा."
लिहिलं.
मग त्यानं कालव्याकाठचा खांब दाखवला,
पोरगा जन्मला तेव्हा जमिनीबरोबर ठोकलेला.
आज तो माझ्या कमरेला लागतो.
खांब वाढत नाही, बाई. पाणी काढलं की ही माती बसते,
वाळते, कधी आतल्या आत धुमसते.
कंपनीचा हिशेब पिंपापासून सुरू होतो.
माती त्या पानावर नाही.

बंदरावर टँकर. पाटी : वापरलेलं खाद्यतेल,
विमानांसाठी, परदेशी.
आठवड्याला दोन, प्रत्येकी सोळा हजार लिटर.
मी डोळ्यांत तेल घालून मोजलं. दुसरं काय घालणार.

नुराया केळी तळते, फेरीच्या धक्क्याजवळ.
"महिन्याला जुनं तेल किती विकतेस?"
"चार लिटर. ईदला सहा.
पण शेवटचं कुणी देत नाही, त्यात मिरची परतायची असते."
तालुक्यात गाडे दोनशे बारा. मी पायी फिरले,
चपलेचा अंगठा तुटला, हा खर्च कार्यालयानं दिला नाही.
खानावळी धरल्या, शाळेचं स्वयंपाकघर धरलं,
एका लग्नाची कढईसुद्धा धरली.
महिन्याचे तीन हजार लिटर होईनात.
आणि टँकर एक लाख अठ्ठावीस हजार घेऊन जातात.

पाणी कुठं मुरतं ते विचारायची आपल्याला सवय.
इथं उलटं : तेल कुठून पाझरतं?

अधिकारी फोनवर गोड बोलले. कागद सगळे आहेत, मॅडम.
कागद दिसतात, म्हटलं. तेल दाखवा.
विद्यापीठातल्या बाईंनी दोन आकडे दिले,
एक स्वस्ति म्हणणारा, एक रडवणारा,
आणि मध्ये एक शब्द : "अवलंबून."
आधी तिथं काय होतं, त्यावर.
झाइनुरनं तो शब्द ठेवला.
इतक्या वर्षांत त्यानं ठेवलेला बहुधा पहिलाच.

रात्री मी लिहिलं होतं : ताजंच तेल जुनं म्हणून विकतात.
"पाहिलंस?" त्यानं विचारलं.
नाही.
"मग तेच लिही. नाही पाहिलं, असं."
ते वाक्य लिहायला दोन तास लागले :
उरलेलं तेल येतं कुठून, ते आम्हांला अजून कळलेलं नाही.
इतकं उघडं मी कुणापुढं कधी उभी राहिले नव्हते.

पाचव्या पानावर आलं, खालच्या कोपऱ्यात.
सहाव्यावर कंपनीची अख्ख्या पानाची जाहिरात,
विमान, ढग, एक कोवळं पान.

परवा नुरायानं मला त्याच अंकात केळी बांधून दिली.
तेल पसरलं, कागद काचेसारखा झाला.
माझ्या आकड्यांतून विमान दिसायला लागलं,
विमानाच्या पोटात उलटी अक्षरं,
एक लाख अठ्ठावीस हजार.
"नवीन तेल आहे," नुराया म्हणाली, "आजच फोडलं."
मी वही काढली.
तिनं आधी खा म्हणून सांगितलं.