नाव काढणं

हायवेवरून येताना आधी धान्याची उंच कोठारं दिसतात,
मग पाण्याची टाकी, मग आम्ही.
टाकीवर विद्यापीठाचं नाव रंगवलंय.
उत्तरेकडची अक्षरं वाऱ्याने खरवडून नेली,
त्यामुळे कॅनडाकडून येणाऱ्यांना आम्ही अर्धेच कळतो.
हेलेनातले आमदार म्हणतात, नावापुरतं विद्यापीठ.
म्हणोत.
माझं कामही नावापुरतंच आहे.

बावीस वर्षं मी निबंधक कार्यालयात फायली लावते
आणि मे महिन्यातल्या दुसऱ्या शनिवारी
व्यायामशाळेत, बास्केटबॉलच्या रिंगखाली उभी राहून
पदवीधरांची नावं वाचते.
पहिल्या वर्षी तीनशे बारा होती. यंदा एकशे नऊ.
तत्त्वज्ञान विभाग बंद झाला,
त्याच्या खोलीत आता बर्फ झाडायचं यंत्र राहतं.
जर्मनच्या बाई कुस्ती संघाची बस चालवतात
आणि वाटेत म्हणे पैलवानांकडून क्रियापदं घोकून घेतात.
डिझेल दुरुस्तीच्या वर्गात मात्र उभं राहायला जागा नाही.

एप्रिलभर मी फोन करते: तुमचं नाव नक्की कसं म्हणायचं?
एक मुलगी म्हणाली, थांबा हं, गाय अडलीय,
आणि फोन तसाच पेंढ्यावर ठेवला.
मी वीस मिनिटं ऐकत राहिले:
धाप, दोरी, दोन सणसणीत शिव्या,
मग काहीतरी ओलं, जड, जमिनीवर पडलं.
मग ती आली. "झाइडलर. झ जरा मऊ."
रिझर्व्हेशनवरच्या एकीने दोन नावं दिली,
एक कार्डासाठी, एक आजोबांनी ठेवलेलं.
दुसरं वाचू नका, म्हणाली,
फक्त तुम्हाला माहीत असू दे.

यादीत ऑडन क्वाल्हाइम नव्हता.
त्याचं नाव मीच काढलं होतं, मंगळवारी.
जानेवारीतल्या वादळात त्याच्या पिकअपने
कृषी विभागाच्या बार्लीच्या वाफ्यांचं कुंपण आडवं केलं;
भरपाई दोनशे चौदा डॉलर, थकीत.
बाकी असेल तर नाव काढायचं.
हा नियम टाइपसुद्धा मीच केलाय.

शनिवारी तो रांगेत होता,
कुस्टर आणि लिंडग्रेनच्या मधे,
उसन्या गाऊनखाली शेतातले बूट.
अगदी वरच्या बाकावर त्याचे वडील,
गुडघ्यावर बियाणे कंपनीची टोपी,
कपाळाचा वरचा अर्धा भाग पांढराफटक,
वर्षानुवर्षं ऊन न लागलेला.

प्रत्येकजण कार्ड माझ्या हातात देतो, मग मी वाचते.
कुस्टर झाली.
पुढे आला तो हात रिकामा होता.
त्याने माझ्याकडे पाहिलं नाही.
पाहिलं असतं तर कदाचित मी पुढच्याला बोलावलं असतं.
ऑडन क्वालम, मी म्हणाले,
ह गिळून, त्यांच्या घरी गिळतात तसा.

कुलगुरूंनी हात मिळवला, निळी फाइल दिली.
निळ्या फायली सगळ्याच रिकाम्या असतात.
पदव्या जूनमध्ये टपालाने जातात,
हे व्यासपीठावरच्या आम्हा चौघांनाच ठाऊक.
वरून टाळी आली, एकट्याची,
जाड हातांची, जरा उशिरा थांबलेली.

सोमवारी मी त्याची नोंद उघडली.
दोनशे चौदा. तसेच.
शिक्काही मी तसाच ठेवला.
जूनमध्ये पाकिटांचा गठ्ठा घेऊन टपाल कचेरीत गेले.
खिडकीतली मर्ना मोजून म्हणाली, एकशे नऊ.
दरवर्षी कमीच होतायत गं.
एक यायचंय अजून, मी म्हणाले,
आणि सुटे पैसे न घेताच बाहेर पडले.