शेक

सातच्या बातम्या लागल्या
की मी बिडाचा तवा गॅसवर ठेवतो.
वर शेरभर खडेमीठ. आगरवाड्याचंच, करडं,
थोडी माती असलेलं.
पाकिटातलं पांढरं तिला चालत नाही,
त्यात म्हणे जीव नसतो.

मीठ आधी गप्प असतं.
मग एखादा खडा तडतडतो, दुसरा उडून
ओट्याखाली जातो,
आणि खाजणातल्या चिखलाचा वास
ओहोटी लागल्यासारखा घरभर होतो.
तेव्हा उतरवायचं.
उशीर केला तर पिशवीला भोक,
घाई केली तर मीठ नुसतंच मीठ.

पिशवी जयवंतीनंच शिवली,
माझ्या जुन्या सदऱ्याची बाही कापून,
कफाचं बटण तसंच ठेवून.

उजवा गुडघा आधी, तो मानाचा.
वयाच्या अकराव्या वर्षापासून
खाऱ्या पाण्यात उभा राहिलेला,
डोक्यावरच्या टोपलीचं ओझं
बांधापर्यंत नेलेला.
डावा नुसता त्याच्या संगतीनं बिघडला.

शेजारची फिलोमेना एकदा म्हणाली,
मिठानंच खाल्ले ना गुडघे तुझे?
आणि मिठानंच शेकतेस?
जयवंती म्हणाली, मग काय साखरेनं शेकू?
ती तर आधीच रक्तात आहे.

मी तीस वर्षं बार्जच्या इंजिनरूममध्ये होतो.
पाइपावर तळहात ठेवायचो
आणि सांगायचो किती तापलंय.
काटा नंतर बघायचा, खात्रीपुरता.
म्हणून दोन वर्षांमागे रबरी पिशवी आणली तेव्हा
डॉक्टर मिनेझिसबाईंचं मी अर्धंच ऐकलं.
कातडीला हिच्या उशिरा कळतं, त्या सांगत होत्या,
कोमटच घाला, मध्ये टॉवेल घ्या, वीस मिनिटं फक्त.
मी हातानं किटली चाचपली
आणि ओतलं.

ती मालिका बघत होती. काही बोलली नाही.
सकाळी गुडघ्याखाली फोड, जांभळाएवढा.
जळ्ळें तुमचं इंजिन, एवढंच म्हणाली
आणि पुढचा पंधरवडा माझ्याशी
फक्त तांदूळ, दूध आणि विजेचं बिल
याबद्दल बोलली.

तेव्हापासून तळहातावर माझा भरवसा नाही.
पिशवी मनगटाच्या आतल्या बाजूला टेकवतो,
तान्ह्या मुलाचं दूध बघतात तशी,
आणि वीस आकडे मोजतो.
मोजता आले तर तिला देतो,
नाही आले तर थांबतो.
थांबताना बातम्या संपतात, हवामान लागतं:
उद्या पेडणे तालुक्यात पहाटे धुकं.
धुक्याची बातमी तिला आदल्या दिवशीच
सांध्यातून मिळालेली असते.

बरं काही होत नाही यानं.
डॉक्टर म्हणतात, मीही म्हणतो, ती तर कधीचीच म्हणते.
होतं ते एवढंच की
आठ ते साडेनऊ गुडघा जरा वाकतो,
आणि ती भिंतीला धरून, मला हात लावू न देता,
खाली बसते आदोळीवर.
मिक्सर आहे, किसलेलं खोबरं दुकानात मिळतं,
हे मी आता बोलत नाही.
अर्ध्या नारळाचा फिरता आवाज ऐकतो.
मध्येच थांबला तर
बातम्यांचा आवाज कमी करतो.

पुरो, ती म्हणते. नारळाला की मला, कळत नाही.

निवलेलं मीठ आठ दिवसांनी दम सोडतं.
मग ते मागच्या माडाच्या मुळाशी.
काल टाकून आलो तर ती पलंगावर
माझी बाही मांडीवर घेऊन बसलेली,
तुटत आलेलं बटण पुन्हा लावत.
म्हटलं, कशाला? हे बटण लागतं कुठं कुणाला?
दोरा दातानं तोडत म्हणाली,
बटण थंड लागलं हाताला
की कळतं, तुम्ही विसरलात.