हे संत्रं नाही

पहिल्या बाटलीवर संत्र्याचं चित्र होतं.
सुमेधनं चमचा हुंगला,
माझ्याकडे परत सरकवला :
"हे संत्रं नाही."

खरंच होतं त्याचं.
कळमन्याहून आलेल्या पेटीतलं संत्रं
पांढरी शीर न् शीर सोलून,
बिया ताटलीच्या काठावर एका ओळीत मांडून
मगच फोड तोंडात घालणारं पोर,
त्याला कोण फसवणार, आणि तेही नागपुरात?

धंतोलीत डॉक्टर लांजेवारांनी
पावतीच्या मागे एक सूर्य काढला, वाकडाच.
म्हणाले, तो बुडला की मेंदू अंगभर निरोप धाडतो :
रात्र झाली, आवरा.
याचा निरोप उशिरा निघतो.
ही गोळी म्हणजे तेवढा निरोप.
बाकीचं काम तुमचं : दिवे कमी, मोबाइल बंद,
रोज तीच वेळ.
आणि मनानं वाढवायची नाही.
किती दिवस द्यायची, मी विचारलं.
"बघू."
शाळाही बघू म्हणाली होती. तीनही शाळा.

सासूबाई कूलरसमोर पाय पसरून बसलेल्या.
"पोट्ट्याले गोळी देऊन झोपवून राह्यली का वं तू?"
मी काही बोलले नाही.
त्यांना रात्री ऐकू येत नाही,
मशीन काढून डबीत ठेवतात.
खालच्या मेश्रामांना येतं.
"दोन वाजता कोण उड्या मारते जी वर?"
मी दर वेळी सॉरी म्हणते आणि जिन्यात
दोन मिनिटं उगाच उभी राहते.

सुमेधचे बाबा मिहानला, रात्रपाळीत.
म्हणून दोन वाजता आम्ही दोघंच :
तो, मी, आणि गॅलरीसमोर अजनीचं यार्ड.
मालगाडी आली की तो गजांना कपाळ टेकवतो.
एक, दोन, तीन...
अठ्ठावन्न. कधी एकोणसाठ.
मध्येच मला शिंक आली तर
आकडा मोडतो,
आणि गाडी निघून गेलेली असली तरी
पुन्हा एकपासून,
रिकाम्या रुळांवर.

एकदा मी त्याच्यावर हात उगारला होता.
मे महिना, लाइट गेलेली, कूलर बंद,
पहाटेचे चार.
मारला नाही.
पण उगारला होता. हे डॉक्टरांना सांगितलं नाही.

आता अर्धी गोळी. पांढरी, बिनचवीची.
निळ्या ताटलीत, मधोमध,
कशालाही न टेकता.
त्यानं आधी बोटानं फिरवली.
"ही कोणाची अर्धी?"
"तुझी."
"दुसरी अर्धी?"
"उद्याची, तुझीच."
हे त्याला पटलं. उद्याचं काहीतरी
डबीत आहे, हे पटतं त्याला.

साडेनऊला कूलरचा पंप सुरू केला,
त्याला पाण्याचा तो आवाज लागतो.
लेबल कापलेला सदरा घातला.
दहाला तो माझ्या कोपराचं हाड
दोन बोटांत धरून पडला,
आणि दहा-वीसला बोटं सुटली.

मी घाबरले.
छातीवर हात ठेवून पाहिलं.
मग नाकापाशी. मग परत छातीवर.

तिसऱ्या रात्री तो तीनलाच उठला,
हे सांगायला हवं,
नाहीतर लोकांना वाटायचं जादू आहे.
आठवड्यातल्या पाच रात्री झोपतो, दोन नाही.
मेश्रामांच्या सूनबाईंनी मात्र परवा
वाटीभर वडाभात पाठवला, काही न बोलता.

माझाच निरोप आता निघत नाही.
दोनला डोळे उघडतात.
काल गाडी आली. मी गॅलरीत गेले,
त्याच्या जागी, गजांना कपाळ लावून.
गज अजून गरम होते.
चाळीसपर्यंत नीट मोजले,
मग एक डबा दोनदा मोजला की सुटला,
कळेना.

सकाळी ब्रश तोंडात धरून त्यानं विचारलं,
"रात्रीची किती?"
अठ्ठावन्न म्हणता आलं असतं.
"चाळीस. पुढचे चुकले."

त्यानं चूळ भरली, बादलीकडे बघत म्हणाला,
"मग पुन्हा एकपासून."