विषम आकडा

फोनवर तो म्हणाला, काहीतरी हसरं पाठवा.
मी कानामागची पेन्सिल काढली.
हसरं म्हणजे पिवळं? केशरी?
तुम्हीच ठरवा, मला फुलांतलं कळत नाही.
निमित्त?
पलीकडे बराच वेळ कॅल्गरीची रहदारी ऐकू येत राहिली.
मग म्हणाला, निमित्त असं काही नाही.
दर रविवारी मी विचारतो, आई म्हणते, ठीक आहे.
या वेळी जरा लवकरच म्हणाली.

पत्ता सांगताना अडखळला.
म्हटलं, राहू द्या,
पारास्का ह्रिंकिव्हचं घर माहीत नसलेला माणूस
या गावात अजून जन्मायचाय.
धान्याच्या कोठाराच्या मागे, निळं दार,
अंगणात तिच्या नवऱ्याचा ट्रॅक्टर,
जानेवारीपासून त्याची फक्त सीट दिसते.

डझनभर जर्बेरा, तो म्हणाला.
मी लिहिलं, आणि खोडलं.
डझन नको. तुमच्या आईकडच्या रिवाजात
सम आकडा मेलेल्यांचा,
जिवंत माणसाला विषम द्यायचा.
कुणी सांगितलं नव्हतं तुम्हाला?
सांगितलं असेल, तो म्हणाला, अगदी हळू.
मग तेरा.
तेराव्याचे पैसे मी लावले नाहीत.

आणि कार्डावर?
लिहा, आई.
पुढे?
पुढे लिहा, सहज.

बाहेर उणे एकतीस.
अशा हवेत फुलं तान्ह्या बाळासारखी न्यावी लागतात:
चार वर्तमानपत्रं, वरून पिशवी, पिशवीचं तोंड बंद,
व्हॅन वीस मिनिटं आधीच तापवलेली.
मंगळवारच्या ट्रकने ती सास्काटूनहून येतात,
त्याआधी कुठल्या उन्हात होती
ते मी विचारत नाही, उगीच वाईट वाटतं.
एल्डनने गठ्ठा छातीशी धरला.
चौतीस वर्षं त्याने शाळेची बस चालवली,
घरांचे नंबर त्याला येत नाहीत,
कुठल्या थांब्यावर कोण रडत चढायचं एवढंच येतं.

पुढचं त्याने सांगितलेलं.
पायरीवर पाय घसरला, त्याने तोल सावरला,
पण एक देठ काचेसारखा तुटला.
तिने आधी वर्तमानपत्रं सोडवली,
एकेक कागद हाताने सारखा करून चुलीजवळ ठेवला.
कार्ड वाचलं. पालथं करून मागेही पाहिलं.
मग मोजायला लागली, ओठातल्या ओठात, तिच्या भाषेत.
बारा.
पुन्हा बारा.
एल्डन टोपी हातात घेऊन उभा,
दुकानात परत धावत जावं की काय, अशा विचारात.
तिने गुच्छातलं सगळ्यात लाल फूल ओढून काढलं
आणि त्याच्या हातात दिलं.
आता बरोबर, म्हणाली.
आणि दार लावता लावता:
एकाच पायात बूट घालून धावत यायचा माझा मुलगा,
तू थांबायचास.

वहीत मी लिहिलं:
तेरा निघाली. एक तुटलं. एक एल्डन. अकरा पोचली.
एल्डनच्या फुलाचा खर्च कुठल्या रकान्यात घालावा
ते सुचेना, म्हणून त्यावर कप ठेवला.

संध्याकाळी मुलाचा फोन.
आईनेच केला होता म्हणे, चक्क बुधवारी.
काय म्हणाली?
म्हणाली, मोजून घेतली.
बाकी ट्रॅक्टरबद्दल बोलली, चुलीबद्दल,
मी विचारलं, तू ठीक आहेस ना?
या वेळी उत्तर द्यायला तिने वेळ घेतला.
मग म्हणाली, एप्रिलमध्ये येशील का.

मी दिवे मालवले, पाटी उलटी केली.
व्हॅन अजून दारात, हीटर चालू.
आत एल्डन बसलेला,
समोर कॉफीच्या पेल्यात ते लाल फूल.
काच खाली करून त्याने विचारलं,
याला पाणी रोज घालायचं,
की दिवसाआड?