देठ सुटेपर्यंत

डेटनच्या या मागच्या अंगणात
दोन पेअर लावले त्याला पाच वर्षं झाली.
आले तेव्हा छत्रीच्या काड्या होते नुसते,
मुळांना ओला भुसा, गळ्यात पत्र्याचा बिल्ला.
नर्सरीवाला म्हणाला होता, दोन न्या,
एकट्याला फळ धरत नाही.

तिसऱ्या वर्षी एक फुललं, दुसरं झोपलेलं.
चौथ्या वर्षी दुसरं फुललं तर पहिल्यानं
रुसल्यासारखी पानंच काढली.
वेंडेल कुंपणावरून विचारायचा, काही लागलं का?
मी मान हलवायचे. तोही हलवायचा.
मग आम्ही हवेवर बोलायचो.

पाचव्या वर्षी एप्रिलात मामंजी आले, तासगावहून,
सहा महिन्यांच्या शिक्क्यावर,
बॅगेत धोतरांच्या घडीत द्राक्षाची कात्री.
पेअरला ते शेवटपर्यंत पेरूच म्हणाले.
बर्फाचे फोटो बघून म्हणाले,
तुमच्या पेरूंना ताण चांगला बसलाय,
औंदा बहार धरणार.

आणि दोन्ही झाडं एकाच आठवड्यात पांढरी.

महिना सरता सरता एका रात्री पारा उतरला.
मामंजींनी अंगावरची सोलापुरी चादर काढली,
मग पलंगपोस, मग निरंजनचा रेनकोट.
सकाळी वेंडेलला वाटलं,
अंगणात दोन पाहुणे ताटकळलेत.

जूनमध्ये मी मोजली: एकसष्ट. बोराएवढी.
दुसऱ्या दिवशी कामावरून आले तर चौदा.
बाकीची गवतात, देठांसकट.
मी काही बोलले नाही. ते त्यांना ऐकू गेलं.
पोर आहे अजून झाड, म्हणाले,
सगळी पोसायला गेलं तर फांदीनिशी बसेल.
चिन्मयनं ते सत्तेचाळीस हिरवे मणी
खिडकीत ओळीनं मांडले.
सुरकुतले, काळे पडले, तरी कुणी टाकले नाहीत.

ऑगस्ट संपताना ते गेले. कात्री ठेवून.
खारींनी नऊ नासवली,
एकेक चावा घेऊन सोडलेली.
उरली पाच.

फोनवर सांगितलं त्यांनी, ओढायचं नाही.
तळहातावर घ्यायचं, हलकेच आडवं करायचं,
यायचं असेल तर येईल.
रोज संध्याकाळी मी पाचही आडवी करून बघायचे
आणि होती तशी सोडून द्यायचे.

एका मंगळवारी, काही न करता,
एक हातात आलं.
दगडासारखं टणक. हे झाडावर पिकत नाही म्हणे,
आंब्यासारखी आढी लावावी लागते घरात.
तांदळाच्या डब्यात ठेवायच्या आधी
मी फोन लावला.

तिकडे पहाटेचे साडेचार,
रात्रीची लाईट आलेली, मागे मोटार चालू.
गोड आहे का, असं त्यांनी विचारलंच नाही.
देठ कसा सुटला?
म्हटलं, आवाजसुद्धा झाला नाही.

पलीकडे जरा वेळ नुसती मोटार.
मग म्हणाले, झालं तर.
बाकीच्यांची घाई करू नको.