पान सत्तेचाळीस

सासूबाई वणीला गेल्या, दोन रात्री मुक्काम.
पवननगरच्या दीड खोलीत एवढी जागा आहे
हे लग्नानंतर एकोणीस वर्षांनी कळलं.

जयवंतने कपाटामागून पुस्तक काढलं.
जुन्या पेपरचं कव्हर, शाळेच्या पुस्तकाला घालतात तसं,
लेबलची जागासुद्धा सोडलेली.
"शालिमारला, फूटपाथवर. साठ रुपये," म्हणाला
आणि कानाच्या पाळ्या लाल.

चित्रातल्या बाईला हाडंच नव्हती.
आम्ही चष्मे लावून वाचलं,
चष्मे काढून सुरुवात केली,
पुन्हा लावले:
हा डावा पाय नेमका कोणाचा?

तो अंबडला लेथवर असतो, मायक्रॉनमध्ये बोलतो.
"इथे तीसचा अँगल धर.
तुझा नाही, माझा. म्हणजे मला धर."
मी धरलं.
डिसेंबरचे माझे तळवे.
तो ओरडला ते प्रेमाने नव्हे.

मग थोडा वेळ, खरंच सांगते, जमलं.
डोकं गादीच्या कडेवरून खाली,
केस फरशीवर,
पंखा पायाशी, खिडकी उलटी,
आणि त्याचा श्वास माझ्या गळ्यावरून
चुकीच्या दिशेने वाहणारा.
हनुवटीखाली त्याला एक तीळ आहे.
एकोणीस वर्षं मी कुठून बघत होते या माणसाकडे?

विचारणार, तेवढ्यात पोटरीत गोळा आला.
त्याचं कोपर तांब्याला, तांब्या फरशीवर,
आणि आमची फरशी म्हणजे गांगुर्ड्यांचं छत.
"वहिनी, काही पडलं का हो?"
"मांजर!"
आमच्याकडे मांजर नाही. गांगुर्ड्यांना माहीत आहे.

तोंडात चादर कोंबून हसताना
अंग जसं अंगाला लागलं
ते कुठल्याच पानावर नाही.

आमचे अण्णा छाटणीच्या दिवसांत सांगायचे,
जुनं खोड वाकवू नये, मोडतं.
नवी काडी घ्यावी, तारेवर बांधावी
सैल गाठीने.
मी ओव्याचं तेल कोमट करून चोळत बसले
आणि मला ठरवता येईना, आम्ही खोड की काडी.
"इथे?"
"थोडं वर."
"इथे?"
"आणखी वर."
पोटरी केव्हाच संपली होती.

सकाळी मिसळीच्या दुकानात तो बाकावर बसला
जपून, एकेक मणका मोजत.
मालक म्हणाला, कंबर धरली काय?
"टाकी उचलली पाण्याची,"
आणि टेबलाखाली त्याच्या अंगठ्याने माझा घोटा शोधला.

सासूबाईंचा फोन: गडावर गर्दी फार, एक दिवस जास्त लागेल.
राहा की, मी म्हटलं, सावकाश दर्शन घ्या.
रस्सा वाढून मागितला.
त्याने पाव बाजूला ठेवून
बोटांनी हवेत एक आकृती काढली,
मध्येच थांबला, मान तिरपी केली, पुसली.
मी म्हटलं, आधी गादी खाली घे.
आणि तांब्या स्वयंपाकघरात.