प्रकाशनांची यादी

पहिला निबंध, सत्याऐंशीचा:
तापमान वाढवत नेल्यावर झुरळाच्या हृदयाचे ठोके.
गणेशखिंडीतली प्रयोगशाळा, मेणाची ताटली,
टाचण्यांनी ताणून धरलेली एकशे बारा.
आभारात मार्गदर्शक, विद्यापीठ,
आणि गोदामांतून ती पकडून आणणारा शिपाई दगडू.

शेवटचा, यंदाचा:
संमतीपत्रातली मराठी रुग्णाला कळते का?
रास्ता पेठेतल्या दवाखान्यात यमुनाबाई खैरमोडेंनी
शाई लावलेला अंगठा हवेतच धरून विचारलं,
"न्हाई म्हटलं तर चालंल?"
चालेल, म्हणाले.
अंगठा पदराला पुसून त्या उठल्या.
निबंधात त्या 'नकार: एक'.

यादी टंकणारा सुजित विचारतो,
मॅडम, विषय एक लिहू की दोन?

टेबलाच्या खणातून मिशा हलतात.
मी टाचणी उचलते,
कागदांना लावते.